मोठी पेढी की लहान कचेरी?

(बुद्धविहारात भरलेल्या सभेत, कायद्याचे शिक्षण घेणाऱ्या मुलामुलींसाठी व त्यांच्या आईवडिलांसाठी दिलेल्या भाषणाचा मजकूर)

उपासकहो, उपासिकांनो आणि तरुण मित्रांनो,

आपण आताच त्रिसरण आणि पंचशील ग्रहण केले. त्यानंतर लगेच पोटापाण्याच्या धंद्याविषयी बोलावे, हे काही जणांना विशोभित वाटेल. मला तसे वाटत नाही. भगवान बुद्धाने सांगितलेल्या अष्टांगिक मार्गात सम्यक आजीविका हे एक स्वतंत्र अंग आहे. माणूस आपले पोट कसे भरतो हा विचार ज्या धम्माने दाराबाहेर ठेविला नाही, त्या धम्माच्या विहारात हा विषय निघणे योग्यच होय.

विषय असा आहे. आपल्या घरातील एखादी मुलगी किंवा मुलगा कायद्याची परीक्षा उत्तीर्ण होतो. त्याच्या हातात दोन पत्रे पडतात. एक पत्र मुंबईतील मोठ्या पेढीचे असते. तेथे शेकडो वकील काम करतात, महिन्याच्या महिन्याला भरघोस पैसा मिळतो आणि कचेरी काचेच्या उंच इमारतीत असते. दुसरे पत्र चार-पाच वकिलांच्या लहान कचेरीचे असते. ती कचेरी एखाद्याच विषयात पारंगत असते, म्हणजे कामगार कायद्यात, करांच्या कायद्यात, लवादाच्या कामात, फौजदारीत किंवा जमिनीच्या दाव्यांत. अशा कचेऱ्यांना हल्ली त्या धंद्यातील लोक ‘बुटीक’ म्हणू लागले आहेत. तेथे पैसा थोडा, नाव फारसे कोणी ऐकलेले नाही, परंतु काम हातात लवकर येते. आता ह्या दोहोंपैकी कोणते पत्र स्वीकारावे?

आपल्या आजोबांच्या घरात हा प्रश्न उद्भवणेच शक्य नव्हते. ज्यांच्यासमोर एकच दार असते, आणि तेही अर्धवट उघडे, त्यांना निवडीची काळजी नसते. आज दोन दारे दिसतात हे चळवळीचे फळ आहे. परंतु दार उघडले म्हणजे आत काय आहे हे न पाहता पाऊल टाकावयाचे, असा त्याचा अर्थ नाही. कालामांना उपदेश करताना तथागतांनी ऐकीव गोष्टीवर, परंपरेवर किंवा कोणाच्या थोरवीवर विसंबून राहू नका, स्वतः पारखून घ्या, असे सांगितले. ती पारख आपण आज ह्या प्रश्नाला लावू.

प्रथम बाबासाहेबांच्या स्वतःच्या वकिलीकडे पाहू या; कारण हा प्रश्न त्यांच्यापुढेही, निराळ्या रूपात, उभा होता.

बाबासाहेब लंडनच्या ग्रेज इनमधून 1922 साली बॅरिस्टर झाले आणि 1923 साली त्यांनी मुंबई उच्च न्यायालयात वकिलीस आरंभ केला. सनदेच्या खर्चासाठी नवल भथेना ह्या पारशी मित्राने मदत केल्याचे चरित्रकारांनी नमूद केले आहे. त्या काळी उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत दुहेरी पद्धत होती. अशिलाने प्रथम सॉलिसिटरकडे जावयाचे आणि सॉलिसिटरने बॅरिस्टर निवडावयाचा. म्हणजे बॅरिस्टर कितीही विद्वान असो, त्याची भाकरी सॉलिसिटरांच्या पेढ्यांच्या हातात होती. ही पद्धत वकिलांच्या कायद्याला 1976 साली झालेल्या दुरुस्तीने पुढे बंद झाली. परंतु बाबासाहेबांच्या वेळी ती पूर्ण जोमात होती. कोलंबिया आणि लंडन येथील पदव्या असलेल्या ह्या माणसाला त्या पेढ्यांकडून कामे मिळेनात. कारण सांगावयास नकोच.

मग त्यांनी काय केले? पेढ्यांच्या दारात ते बसून राहिले नाहीत. अपिलांची आणि जिल्ह्यांच्या ठिकाणची कामे त्यांनी घेतली. परळच्या दामोदर हॉलमध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेची कचेरी होती; गरीब माणसे आपली गाऱ्हाणी घेऊन तेथे येत. आणि घरखर्च भागविण्यासाठी त्यांनी बाटलीबॉय ह्यांच्या अकाउंटन्सी शिकविणाऱ्या संस्थेत व्यापारी कायद्याचे वर्ग घेतले. पुढे 1928 साली ते सरकारी विधी महाविद्यालयात प्राध्यापक झाले आणि 1935 साली त्याच महाविद्यालयाचे प्राचार्य झाले.

ह्यातून कोणता बोध घ्यावयाचा? बाबासाहेबांनी पोटाचा प्रश्न क्षुद्र मानला नाही. शिकवणीच्या वर्गांचे उत्पन्न त्यांनी आपल्या स्वातंत्र्याच्या रक्षणासाठी वापरले. ते उत्पन्न नसते तर 1926 साली पुण्यात ‘देशाचे दुश्मन’ ह्या पुस्तकावरील खटल्यात ब्राह्मणेतर चळवळीच्या माणसांची बाजू त्यांना इतक्या निर्भयपणे मांडता आली असती काय? महाडच्या चवदार तळ्याचा दावा 12 डिसेंबर 1927 रोजी त्यांच्यावर व त्यांच्या सहकाऱ्यांवर लावण्यात आला. महाडचे न्यायालय, ठाण्याचे जिल्हा न्यायालय आणि शेवटी उच्च न्यायालय अशा पायऱ्या चढत त्याचा अंतिम निकाल 17 मार्च 1937 रोजी अस्पृश्यांच्या बाजूने लागला. म्हणजे नऊ वर्षे आणि तीन महिने. इतका काळ एक दावा धरून ठेवावयाचा, तर कायद्याचे ज्ञान पाहिजे, आणि कोणाच्या मर्जीवर चूल अवलंबून नाही अशी स्थितीही पाहिजे. पोट आणि स्वातंत्र्य ह्या दोहोंची सांगड घालणे हीच ती कला. मोठी पेढी की लहान कचेरी हा प्रश्न त्या कलेचाच एक भाग होय.

आता मोठ्या पेढीचे खरे स्वरूप काय ते पाहू. एकेकाळी 1956 च्या कंपनी कायद्यान्वये भागीदारीत वीसांहून अधिक भागीदार असू शकत नसत. ते बंधन आता व्यावसायिकांच्या भागीदारीला उरलेले नाही. 2008 साली मर्यादित दायित्वाच्या भागीदारीचा कायदाही झाला. त्यापूर्वीच, 1991 नंतर परदेशी भांडवल आणि मोठमोठ्या कंपन्यांचे व्यवहार वाढले. त्या व्यवहारांना एका वेळी पन्नास वकील लावावे लागतात. एक कंपनी दुसरी कंपनी विकत घेते, बँक हजारो कोटींचे कर्ज देते, एखादी कंपनी शेअर बाजारात उतरते, दिवाळखोरीच्या 2016 च्या कायद्याखाली एखादा कारखाना हातोहात बदलतो. अशा कामांतून ह्या पेढ्या फुगल्या. त्यांपैकी अगदी थोड्या, सर्वांत मोठ्या पेढ्या कोऱ्या पदवीधराला वर्षाला पंधरा लाखांहून अधिक रुपये देतात. ही रक्कम ऐकून आपल्या वस्तीत डोळे विस्फारतात, आणि ते स्वाभाविक आहे.

तेथे मिळणारे शिक्षण खोटे नाही. मसुदा कसा काटेकोर लिहावा, शंभर पानांच्या करारात धोक्याचे एक वाक्य कोठे दडले आहे, कागदपत्रांची शिस्त कशी ठेवावी, हे तेथे उत्तम शिकता येते. परंतु पेढी जितकी मोठी तितके कामाचे तुकडे लहान. नव्या वकिलाच्या वाट्याला दोन-दोन वर्षे कागद तपासण्याचे आणि याद्या करण्याचे काम येऊ शकते. अशिलाशी बोलतो वरचा भागीदार; न्यायालयात उभा राहतो बाहेरून नेमलेला ज्येष्ठ वकील. रात्रीचे बारा वाजले तरी दिवे जळत असतात. तीन वर्षांनी त्या तरुणाला विचारा, ‘एक साधा दावा तू एकटा लिहून दाखल करशील काय? एका साक्षीदाराची उलटतपासणी घेशील काय?’ पुष्कळदा उत्तर नकारार्थी येते.

येथे मला गिरणीची आठवण होते. मुंबईच्या गिरण्यांत आपली माणसे कामाला होती. परंतु विणकाम खात्यात त्यांना प्रवेश नव्हता. तुटलेला धागा तोंडाने ओला करावा लागतो, मग विटाळ होईल, हे त्याचे कारण. आणि मजुरी तर विणकाम खात्यातच अधिक. 1928 च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न धसास लावला. त्यांचा मुद्दा असा की, गिरणीत शिरलो एवढ्याने भागत नाही; कोणत्या खात्यात शिरलो हे पाहिले पाहिजे. ज्या परळात त्या गिरण्यांची धुराडी होती, तेथेच आज काचेच्या इमारती उभ्या आहेत आणि त्यांत वकिलांच्या पेढ्याही आहेत. त्या पेढीत जाणाऱ्या आपल्या मुलाने तोच प्रश्न विचारला पाहिजे: मला कोणत्या खात्यात घालणार? ते खाते कोण ठरविणार? कागद तपासणाऱ्यांच्या रांगेतून मसुदा लिहिणाऱ्यांच्या रांगेत माणूस केव्हा जातो, आणि कोणाच्या शब्दाने जातो? ह्या प्रश्नांची सरळ उत्तरे मिळत असतील तर पेढी चांगली. उत्तरे गुळमुळीत असतील तर सावध राहावे.

लहान कचेरीचे गुण ह्याच्या उलट आहेत. तेथे नवा वकील पहिल्या आठवड्यात अशिलासमोर बसतो, पहिल्या महिन्यात तारीख घेण्यासाठी न्यायाधीशापुढे उभा राहतो, वर्षाच्या आत त्याच्या हातचा मसुदा न्यायालयात जातो. एका विषयात मुरलेल्या माणसाच्या शेजारी बसून तो विषय जसा अंगी भिनतो, तसा पुस्तकांतून भिनत नाही. आणि काही विषय असे आहेत की त्यांचे जाणकार मोठ्या पेढीत सापडणार नाहीत. आपल्याच घरांतले उदाहरण घ्या. महार वतनाच्या जमिनी 1958 च्या कनिष्ठ ग्रामवतने नाहीशी करणाऱ्या कायद्याने सरकारजमा होऊन वतनदारांना पुन्हा देण्याची तरतूद झाली, आणि त्या परवानगीवाचून विकता येणार नाहीत असे बंधन घातले गेले. त्या जमिनींचे वाद गावोगावी आहेत. त्या कायद्याचा, फेरफारांचा आणि जुन्या नोंदींचा ज्याने पाच वर्षे अभ्यास केला, तो वकील आपल्या जिल्ह्यात किती मोलाचा ठरेल! तसेच 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे. त्यात 2015 साली दुरुस्ती होऊन पीडितांच्या व साक्षीदारांच्या हक्कांचे एक स्वतंत्र प्रकरण आले. ते प्रकरण तोंडपाठ असलेले आणि न्यायालयात वापरू शकणारे वकील आपल्याला पाहिजेत.

परंतु लहान कचेरीचे गोडवे गाऊन थांबणे अप्रामाणिकपणाचे होईल. लहान कचेरी म्हणजे एका माणसाचा स्वभाव. तो उदार असेल तर मुलाचे आयुष्य घडते. तो कृपण आणि संशयी असेल तर मुलगा पाच वर्षे फायली वाहतो. तेथे नियमांचे पुस्तक नसते, दाद मागावयास वरचा अधिकारी नसतो. मोठ्या ज्येष्ठ वकिलाच्या मृत्यूने किंवा मतभेदाने कचेरी एका दिवसात बंद पडू शकते. आणि पैशाचे काय? बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर 2024 मध्ये एक परिपत्रक काढून नव्या वकिलांना शहरात महिना निदान 20,000 आणि ग्रामीण भागात 15,000 रुपये द्यावेत अशी शिफारस केली. ती शिफारस आहे, सक्ती नव्हे.

म्हणून माझे पहिले सांगणे असे की, भावनेच्या आधी अंकगणित करा. समजा, शिक्षणासाठी 10 लाखांचे कर्ज काढले आहे, व्याज दर साल दर शेकडा 10 आणि मुदत दहा वर्षे. त्याचा महिन्याचा हप्ता सुमारे 13,200 रुपये होतो. शहरात 20,000 रुपये मिळाले तर हाती 6,800 राहतात. 15,000 मिळाले तर 1,800. ह्या पैशात मुंबईत खोलीचे भाडे द्यावयाचे, रेल्वेचा पास काढावयाचा, काळा कोट शिवावयाचा आणि गावी आईच्या औषधाला पैसे पाठवावयाचे! हे होणार नाही. ज्या घरावर असे कर्ज आहे त्या घरच्या मुलाने मोठी पेढी स्वीकारली, तर त्याने ध्येय सोडले असे कोणीही म्हणू नये. वडिलांचे घर, वडिलांची कचेरी आणि वडिलांचे अशील ज्यांना आयते मिळतात, त्यांनी पैशाविषयी तुच्छतेने बोलणे सोपे आहे. त्यांचे अनुकरण करून आपल्या मुलाने उपाशी राहावे, ह्यात धम्मही नाही आणि शहाणपणही नाही.

परंतु मोठ्या पेढीत जाताना तीन गोष्टी पहिल्याच दिवशी कागदावर लिहून ठेवाव्यात. एक, मुदत: तीन वर्षे किंवा चार, त्यानंतर थांबून फेरविचार करीन. दोन, शिल्लक: कर्ज फेडून एक वर्षाचा घरखर्च बाजूला पडेपर्यंत मोटार नाही, मोठ्या भाड्याचे घर नाही. पगार वाढला की खर्च वाढतो आणि खर्च वाढला की माणूस बांधला जातो. ही बेडी सोन्याची असल्यामुळे ती बेडी वाटत नाही, इतकेच. तीन, शिक्षण: दर वर्षी एक असे कौशल्य मिळवीन की जे पेढी सोडल्यावरही माझेच राहील. पेढीचे नाव पेढीपाशी राहते. हातातली विद्या आपल्याबरोबर येते.

ज्या घरावर कर्जाचा डोंगर नाही, किंवा ज्या घरात एक भाऊ कमावता आहे, त्या घरच्या मुलाने लहान कचेरीचा विचार मनापासून करावा असे माझे मत आहे. मात्र तेथेही डोळे मिटून जाऊ नये. ज्येष्ठ वकिलाला नम्रपणे पण स्पष्ट विचारावे: महिन्याला काय देणार, आणि ते लिहून देणार काय? आपल्या हाताखालून गेलेले वकील आज कोठे आहेत? आठवड्यातून किती वेळा न्यायालयात जावे लागेल? मसुदा मी लिहिला तर तो माझ्यासमोर बसून तपासणार काय? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत महत्त्वाचे आहे. जो ज्येष्ठ आपल्या हाताखालच्या माणसाचा मसुदा त्याच्यासमोर बसून सुधारतो, तो गुरू. जो न सांगता बदलतो, तो केवळ मालक.

उपासिकांनो, तुमच्या मुलींविषयी दोन शब्द. मुलगी वकील झाली की तिला ‘जवळच्या कोर्टात कर’ असे सांगण्याची घाई होते. तिलाही हीच मोजपट्टी लावा. फक्त दोन गोष्टी अधिक पाहा. रात्री उशिरा काम असेल तर घरी पोहोचविण्याची व्यवस्था कोणाची? आणि तक्रार कोठे करावयाची? कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या छळाविरुद्ध 2013 साली झालेल्या कायद्यान्वये जेथे दहा किंवा अधिक माणसे काम करतात तेथे अंतर्गत समिती असावी लागते. त्याहून लहान ठिकाणची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे नेता येते. लहान कचेरी निवडणाऱ्या मुलीला ह्या दुसऱ्या दाराचा पत्ता आधीच ठाऊक असला पाहिजे.

एक व्यावहारिक माहिती येथेच सांगून टाकतो. सनदेच्या नोंदणीसाठी निरनिराळ्या राज्यांत हजारो रुपये उकळले जात. 30 जुलै 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, कायद्यात लिहिले आहे त्याहून अधिक नोंदणी शुल्क घेता येणार नाही. म्हणजे सर्वसाधारण उमेदवारास 750 रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारास 125 रुपये. आणि धर्मांतर केले म्हणून ही सवलत बुडाली, असे कोणी सांगितल्यास त्यावर विश्वास ठेवू नका. अनुसूचित जातींविषयीच्या 1950 च्या आदेशात 1990 साली दुरुस्ती होऊन बौद्धांचा समावेश झालेला आहे. ज्या सनदेसाठी बाबासाहेबांना मित्राची मदत घ्यावी लागली, त्या सनदेच्या वाटेवर आपल्या मुलांना कोणी अडवू नये म्हणून हे आकडे पाठ करून ठेवा.

कोणी म्हणेल, ‘मोठ्या पेढीचे नाव पाठीशी नसेल तर मुलगा वर कसा चढणार?’ त्याला मी अगदी अलीकडचे उदाहरण देतो. अमरावतीचे न्यायमूर्ती भूषण गवई ह्यांनी 1985 साली वकिली सुरू केली. 1987 पर्यंत ते माजी महाधिवक्ता आणि उच्च न्यायालयाचे माजी न्यायाधीश राजा भोसले ह्यांच्या हाताखाली शिकले. नंतर 1990 पर्यंत मुंबई उच्च न्यायालयात त्यांनी स्वतंत्र वकिली केली आणि पुढे मुख्यतः नागपूर खंडपीठापुढे. 2003 साली ते उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. 14 मे 2025 रोजी ते भारताचे सरन्यायाधीश झाले, आणि 23 नोव्हेंबर 2025 रोजी निवृत्त झाले. त्या पदावर बसलेले ते पहिले बौद्ध. त्यांच्या घरी सार्वजनिक जीवनाचा मोठा वारसा होता, तो आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी नाही, हे मी लपवीत नाही. परंतु त्यांच्या वाटचालीचा क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे: प्रथम एका जाणत्या माणसापाशी दोन वर्षे उमेदवारी, नंतर स्वतःच्या पायावर उभे राहणे, आणि मग आपल्या मुलखाकडे परत येणे. हा क्रम आपल्या मुलांच्याही आवाक्यातला आहे.

आता आईवडिलांना आणि वडीलधाऱ्यांना माझी कळकळीची विनंती. मुलगा मोठ्या पेढीत लागला म्हणजे त्याच्या पगाराचा आकडा वस्तीत सांगत फिरू नका. तो आकडा एकदा चारचौघांत गेला की मुलाला ती जागा सोडणे अशक्य होते. लग्नाच्या बोलण्यातही तोच आकडा पुढे येतो आणि मुलगा स्वतःच्या पगाराचा कैदी होतो. उलट मुलगी लहान कचेरीत लागली तर ‘शेजाऱ्याचा मुलगा कारकून आहे, तो तुझ्याहून अधिक कमावतो’ असे तिला ऐकवू नका. वकिलीचे झाड उशिरा फळते. पहिली तीन-चार वर्षे घराने त्याला पाणी घातले पाहिजे. पाणी म्हणजे पैसाच नव्हे. घरातला एक कोपरा, एक टेबल, एक दिवा आणि रात्री नऊनंतर टेलिव्हिजन बंद, एवढे केले तरी पुष्कळ झाले.

आणि तरुण मित्रांनो, तुम्हालाही एक सांगणे आहे. मोठ्या पेढीत जा किंवा लहान कचेरीत, तुमच्या नावावर आणि आडनावावर क्षणभर थांबणारी नजर तुम्हाला दोन्हीकडे भेटेल. तिला उत्तर बिनचूक मसुदा हे आहे. परंतु तेवढेच उत्तर नव्हे. एकट्याने उत्तर देत राहिल्याने माणूस थकतो. म्हणून महिन्यातून एकदा ह्याच विहारात कायद्याचे शिक्षण घेतलेल्या सर्वांनी एकत्र बसा. जो मोठ्या पेढीत आहे त्याने करार कसा वाचावा ते शिकवावे. जी तालुका न्यायालयात आहे तिने उलटतपासणी कशी घ्यावी ते शिकवावे. कोठे जागा आहे, कोणता ज्येष्ठ चांगला, कोणाकडे वर्षानुवर्षे पैसे थकतात, ही माहिती इतरांच्या घरी जेवणाच्या पानावर मिळते. आपल्या घरी ती मिळत नाही. ती उणीव ह्या बैठकीने भरून काढा. आणि प्रत्येकाने वर्षातून निदान एक प्रकरण गरीब माणसासाठी फी न घेता चालवावे. मोठ्या पेढीतल्याने तसे करण्याची परवानगी मागावी. मागितल्यावाचून कोणी देत नाही.

सारांश असा. पेढी मोठी की लहान हा प्रश्न दिसतो तितका मोठा नाही. खरा प्रश्न हा की, तीन वर्षांनंतर त्या दारातून बाहेर पडताना माझ्या अंगी काय असेल? कर्ज फिटलेले असेल काय? एखादे काम असे असेल काय की जे मी कोणाच्या आधारावाचून करू शकेन? गावाकडून एखादी म्हातारी जमिनीचा कागद घेऊन आली, तर तो वाचून तिला खरे सांगण्याइतके ज्ञान आणि तिच्यासाठी उभे राहण्याइतकी मोकळीक माझ्यापाशी असेल काय? ज्या दारातून ही तीन उत्तरे अधिक खात्रीने मिळतील ते दार तुमचे. ते मोठे असो की लहान. आणि एकदा निवडलेले दार चुकले असे वाटले, तर परत फिरण्यात कमीपणा नाही. ज्या धर्मात जन्मलो तो सोडून नवा मार्ग पत्करण्याचे धैर्य ज्या घरांनी दाखविले, त्या घरांच्या मुलांना एक नोकरीची जागा सोडणे कठीण का वाटावे?

आज घरी गेल्यावर मुलाबरोबर किंवा मुलीबरोबर वही घेऊन बसा, आणि पहिल्या पानावर हप्त्याचा हिशेब व दुसऱ्या पानावर हे तीन प्रश्न लिहा. उत्तरे तिसऱ्या पानावर तिलाच लिहू द्या.

जयभीम.